सरकारी विधी कार्यालयासाठी केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर: डेमोच्या आधी काय तपासायचं

सॉफ्टवेअर विकणारी मंडळी आली की आधी डॅशबोर्ड दाखवतात. एकूण प्रकरणं, प्रलंबित, निकाली, विभागवार रंगीत चकत्या. साहेबांना ते आवडतं आणि निम्मा सौदा तिथेच ठरतो. पण सरकारी खटल्याचं नुकसान ज्या ठिकाणी होतं, ते ठिकाण त्या चकत्यांत कुठेच नसतं. नोटीस आली, विभागाकडे गेली, प्रकरण सांभाळणारा प्रभारी अधिकारी नेमायचा राहून गेला. जवाबदावा तयार झाला, पण शपथपत्रावर सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली. निकाल विरोधात गेला आणि अपील करायचं की नाही हे ठरवण्यासाठी नस्ती तीन टेबलं फिरत राहिली. या सगळ्या वेळात प्रकरण दोन कार्यालयांच्या मधे कुठेतरी अडकलेलं असतं. तेव्हा सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हा विचारा: हे प्रकरण आत्ता कोणाकडे आहे, किती दिवसांपासून आहे आणि तिथून कोणत्या तारखेपर्यंत हलायलाच हवं? उत्तर एका पडद्यावर मिळत नसेल, तर बाकीचा डेमो पाहण्यात वेळ घालवू नका.

उशीर किती महागात पडतो याचं उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश शासनाचं एक अपील मुदतबाह्य म्हणून फेटाळलं. उशीर होता ६६३ दिवसांचा. कागदपत्रं उपलब्ध नव्हती आणि सरकारी कामकाजाच्या पद्धतीत असा विलंब होतो, असं कारण दिलं होतं. न्यायालयाने २५,००० रुपये खर्च बसवला, तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं आणि अशी अपिलं केवळ फेटाळल्याचा दाखला मिळवण्यासाठी दाखल होतात, असंही सुनावलं. ‘सरकारी काम आहे, वेळ लागतो’ हे कारण २०१२ पासूनच सर्वोच्च न्यायालयात सहजासहजी चालत नाही.

वकिलांच्या खाजगी फर्मसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतं, दिसायलाही छान असतं. त्याचा पाया मात्र वेगळा असतो. त्यात एक पक्षकार, एक वकील आणि कामाच्या तासांचं बिल असतं. सरकारी रिट याचिकेत उत्तरवादी क्रमांक १ प्रमुख सचिव, २ आयुक्त, ३ कलेक्टर, ४ तहसीलदार, ५ नगरपालिका अशी रांग असते. जवाबदावा यातल्या एकाच्या माहितीवर बनतो, शपथपत्र दुसरा करतो आणि आदेशाचं पालन तिसऱ्याला करायचं असतं. ‘क्लायंट’ हा एकच रकाना असेल तर ऑपरेटर तिथे ‘मध्य प्रदेश शासन’ लिहून मोकळा होतो, आणि मग प्रत्येक अहवालात सगळी प्रकरणं एकाच पक्षकाराची दिसतात. प्रत्येक उत्तरवाद्याला वेगळी ओळ हवी आणि त्या ओळीत त्याची भूमिका नोंदवता यायला हवी.

ग्वाल्हेरमध्ये यात आणखी एक गुंता आहे. राजस्व मंडळ, आबकारी आयुक्त, परिवहन आयुक्त अशी राज्यस्तरीय कार्यालयं इथे आहेत. त्यांची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात असतात तशी जबलपूरच्या मुख्य पीठात आणि इंदूरच्या खंडपीठातही असतात. याउलट विदिशा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने भोपाळ संभागात (महसुली विभागात) मोडतो, पण त्याच्या रिट याचिका ग्वाल्हेर खंडपीठाकडे येतात. ‘जिल्हा, संभाग, न्यायालय’ अशी एकच उतरंड सॉफ्टवेअरमध्ये घट्ट बसवलेली असेल तर विदिशाची प्रकरणं एक तर भोपाळच्या यादीत जातात किंवा दोन्हीकडे मोजली जातात. प्रशासकीय क्षेत्र आणि न्यायालयीन क्षेत्र हे दोन स्वतंत्र रकाने हवेत. डेमोमध्ये विदिशाचं एक प्रकरण घालून बघा, पाच मिनिटांत कळेल.

प्रकरण माणसाच्या नावावर ठेवायचं की पदाच्या, हा त्याहून मोठा मुद्दा आहे. प्रभारी अधिकाऱ्याची बदली होणारच. लॉगिन व्यक्तीच्या मोबाइल नंबरवर असेल तर साहेब रीवाला रुजू होतात आणि पेशीचे (सुनावणीच्या तारखेचे) मेसेज तिकडेच वाजत राहतात. प्रकरण ‘कार्यपालन यंत्री, अमुक संभाग’ या पदाशी जोडलेलं असावं आणि त्या पदावर अमुक तारखेपासून अमुक व्यक्ती, अशी नोंद बदलत जावी. नवा अधिकारी पहिल्यांदा लॉगिन करेल तेव्हा त्या पदाकडची सगळी प्रकरणं आणि पुढच्या ३० दिवसांतल्या तारखा समोर याव्यात, आणि ‘पाहिलं’ अशी नोंद झाल्याशिवाय पुढचा पडदा उघडू नये. सही करणारा कोण होता, हे जुन्या शपथपत्रांवर मात्र व्यक्तीच्या नावाने कायम राहायला हवं.

आता मुदतीच्या हिशोबाकडे येऊ. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, कारण ‘लिमिटेशन कॅल्क्युलेटर आहे’ असं प्रत्येक जण सांगतो आणि आत फक्त तारखेत दिवस मिळवण्याचं सूत्र असतं. एक उदाहरण घेऊन तपासा. एकल न्यायाधीशांनी रिट याचिकेत १ जुलै २०२५ ला शासनाविरुद्ध आदेश दिला. दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे रिट अपील करायचं आहे. २००५ च्या राज्य अधिनियमाप्रमाणे मुदत ४५ दिवस. मुदत अधिनियम १९६३ च्या कलम १२ प्रमाणे आदेशाचा दिवस धरायचा नाही. जुलैचे ३० दिवस आणि ऑगस्टचे १५, म्हणजे शेवटचा दिवस १५ ऑगस्ट. त्या दिवशी सुट्टी. १६ ला जन्माष्टमी, १७ ला रविवार. कलम ४ प्रमाणे न्यायालय उघडेल तो पहिला दिवस चालतो, म्हणजे सोमवार १८ ऑगस्ट.

आदेशाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज ७ जुलैला दिला आणि नक्कल ११ जुलैला तयार झाली, तर हे पाच दिवसही वगळले जातात आणि शेवटचा दिवस २० ऑगस्ट होतो. सॉफ्टवेअरने १८ आणि २० या दोन्ही तारखा कारणासह दाखवायला हव्यात. पुढची गोष्ट तर बहुतेक पॅकेजांत नसतेच: नक्कल तयार झाली ११ ला, पण शिपायाने आणली २५ ला. हे मधले १४ दिवस वगळले जात नाहीत. ‘नक्कल मिळाल्याची तारीख’ एवढा एकच रकाना असेल तर हिशोब १४ दिवसांनी पुढे सरकतो आणि कार्यालय निर्धास्त राहतं. अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि हातात आल्याची तारीख, असे तीन रकाने मागा.

दिवस आणि महिने यांची गल्लत हाही नेहमीचा दोष आहे. लवाद अधिनियमाच्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करून घ्यायला तीन महिने आहेत, वर पुरेसं कारण दाखवल्यास ३० दिवस, आणि त्यापुढे काहीही नाही. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत. निवाडा १ फेब्रुवारी २०२५ ला मिळाला असेल तर तीन महिने १ मे ला भरतात, ९० दिवस २ मे ला. एका दिवसाच्या चुकीने विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. शिवाय राज्यातल्या बांधकाम कंत्राटांचे वाद १९८३ च्या वेगळ्या अधिनियमाखाली भोपाळच्या मध्यस्थम अधिकरणाकडे जातात. दिल्लीत किंवा बंगळुरूत बसून बनवलेल्या यादीत ते न्यायाधिकरणच नसतं. म्हणून मुदतीच्या नियमांचं कोष्टक कार्यालयाला स्वतः बदलता आलं पाहिजे, आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे. प्रत्येक बदलासाठी विक्रेत्याला पत्र लिहावं लागणार असेल तर कोष्टक वर्षभरात शिळं होतं.

हिशोब बरोबर आला तरी इशारा कोणाला जातो हे बघावं लागतं. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलाला मेसेज पाठवून उपयोग नाही. तोवर विभागाचं मत, विधी विभागाची मंजुरी, मसुदा, सही हे सगळं व्हायचं असतं. उलटीकडून मोजा: ४५ दिवसांतले शेवटचे ७ दाखल करण्यासाठी आणि त्रुटी दूर करण्यासाठी, त्याआधी १० मसुद्यासाठी, त्याआधी १५ मंजुरीसाठी. म्हणजे विभागाच्या हाती अपील करायचं की नाही हे सांगायला १३ दिवस उरतात. प्रत्येक टप्प्याची तारीख चुकली की सूचना त्या टेबलावरच्या माणसाला आणि त्याच्या एक पायरी वरच्याला जावी. दहा पायऱ्या वर पाठवू नका. रोज शंभर मेसेज येणारा अधिकारी एकही वाचत नाही. हिंदी मेसेज युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे इंग्रजीसारखी १६० अक्षरं मिळत नाहीत, एका मेसेजात ७० च बसतात. मजकूर लांबला की बिल दुप्पट होतं.

अवमान प्रकरणांचं घड्याळ याहून वेगळं चालतं. सेवाविषयक याचिकेत ‘अभ्यावेदनावर (निवेदनावर) प्रमाणित प्रत सादर झाल्यापासून ६० दिवसांत निर्णय घ्यावा’ असा आदेश नेहमी होतो. महाधिवक्ता कार्यालयाच्या दृष्टीने याचिका निकाली निघाली, फाइल बंद. पण घड्याळ सुरू होतं ते याचिकाकर्ता प्रत घेऊन विभागाच्या आवक शाखेत जातो तेव्हा, आणि ती तारीख विधी शाखेला कळतच नाही. कळते थेट अवमान याचिकेची नोटीस आल्यावर. म्हणजे ‘निकाली’ ही शेवटची अवस्था असणारं सॉफ्टवेअर सरकारी कामाला अपुरं आहे. ‘निकाली, पालन बाकी’ अशी वेगळी अवस्था हवी आणि आवक शाखेला आदेशाची प्रत नोंदवायला दोन रकान्यांचा साधा पडदा हवा. हे एकच काम नीट झालं तरी बऱ्याच अवमान याचिका टळतील, असं आमचं मत आहे.

न्यायालयाच्या संकेतस्थळाशी जोडणी असल्याचा दावा सगळेच करतात. ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि त्यावरून पुढची तारीख, अवस्था, आदेश मिळतात. प्रश्न असा विचारा: माहिती अधिकृत एपीआयमधून (दोन संगणक प्रणालींमधल्या थेट जोडणीतून) घेता की संकेतस्थळाच्या पानावरून खरवडून? दुसरा मार्ग असेल तर पानाची रचना बदलली किंवा कॅप्चा बदलला की तारखा येणं बंद होतं, आणि पडद्यावर जुनीच तारीख शांतपणे बसून राहते. म्हणून प्रत्येक तारखेशेजारी ‘शेवटचं अद्ययावत केव्हा’ हे दिसायलाच हवं. शिवाय सीएनआर प्रकरण न्यायालयात दाखल झाल्यावर मिळतो. सरकारी कार्यालयाचं काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं: दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस येते तेव्हा, किंवा याचिकेची आगाऊ प्रत हातात पडते तेव्हा. तेव्हा कार्यालयाचा स्वतःचा क्रमांक हाच मूळ, सीएनआर त्याला नंतर जोडायचा. अपिलात गेलं की नवा सीएनआर येतो. दिवाणी दावा, पहिलं अपील, दुसरं अपील ही साखळी एकाच नस्तीखाली दिसली नाही तर खालच्या न्यायालयात आपण काय कबूल केलं होतं ते वरच्या न्यायालयात विरोधी वकील सांगतो.

कृतिदेव हा विषय कोणत्याही निविदेत नसतो, आणि काम तिथेच अडतं. इथल्या बहुतेक कचेऱ्यांत जवाबदावे अजून कृतिदेव ०१० मध्ये टाइप होतात. हा फॉन्ट देवनागरी दाखवतो, पण फाइलमध्ये साठवतो रोमन अक्षरं. ‘राम’ हा शब्द आत जे, के, ई अशा तीन इंग्रजी अक्षरांचा असतो. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या शोधात ‘राम’ टाकलं की काहीही सापडत नाही, आणि तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर नुसती गिचमिड दिसते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा चुकतात, आणि मधे आलेले इंग्रजी शब्द व कलमांचे उल्लेख देवनागरी कचरा होऊन बाहेर पडतात. फाइल चढवताना रूपांतर आपोआप व्हावं, मूळ प्रत जशीच्या तशी जपली जावी आणि टायपिस्टने दोन्ही शेजारी ठेवून नजर फिरवावी. एका ठरावीक तारखेपासून नवे मसुदे युनिकोडमध्येच, असा आदेश काढा. बोटांची सवय मोडावी लागत नाही, रेमिंग्टन गेल कळफलकावर जवळपास त्याच जागांवरून युनिकोड टाइप होतं.

नावांचा घोळ आपल्या मराठी लोकांना चांगला माहीत आहे. मराठी ‘काळे’ हिंदी दस्तऐवजात ‘काले’ होतात, इंग्रजी आदेशात आणखी काहीतरी. ‘फाळके’ यांचे ‘फालके’ होतात. ‘विनायकराव’ एका कागदावर जोडून असतं, दुसऱ्यावर ‘राव’ वेगळा असतो, तिसऱ्यावर गळून गेलेला. शोध उच्चारावर चालायला हवा आणि ळ-ल, श-ष, व-ब यांचा फरक त्याने सोडून द्यायला हवा. जमिनीच्या वादात तर नावाने शोधणंच चुकीचं. जुन्या माफी-औकाफच्या (देवस्थानांना सारामाफीने दिलेल्या) मंदिर-जमिनींत वादी कधी देवाच्या नावाने येतो, कधी पुजाऱ्याच्या, कधी त्याच्या नातवाच्या. चाळीस वर्षांत पाच वेगळ्या नावांनी दावे होतात आणि जमीन तीच असते. गाव, तहसील आणि खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक हे स्वतंत्र रकाने ठेवा. बटांकन झालेले (पोटहिस्से पडलेले) खसरे मूळ क्रमांकाखाली दिसतील असं बघा, कारण ४१२ च्या शोधात ४१२/१/ख आलं नाही तर नेमकं हवं ते प्रकरण निसटतं.

खरेदीच्या आधी आधीच काय उपलब्ध आहे ते विचारून घ्या. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी विधी मंत्रालयाचं लिम्ब्स हे खटल्यांच्या नोंदीचं पोर्टल आहे. महालेखाकार किंवा रेल्वेसारख्या कार्यालयाने वेगळं पॅकेज घेतलं तरी लिम्ब्समध्ये नोंद करावीच लागते, म्हणजे दुप्पट काम. राज्य कार्यालयांनी आधी विधी विभाग, एनआयसी (केंद्राची राष्ट्रीय सूचना विज्ञान संस्था) आणि राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास निगमाला पत्र लिहावं. खरेदी करायचीच असेल तर राज्याचे २०१५ चे भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम आणि सरकारी खरेदीचं जेम पोर्टल हे मार्ग आहेत. गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देणारी पद्धत शक्य असेल तिथे तीच घ्या. नुसत्या सर्वात कमी बोलीवर हे काम दिलं तर रंगवलेली एक्सेल शीट मिळते.

किमतीत खरा सापळा ‘प्रति युजर’ लायसन्सचा आहे. विधी शाखेत वापरणारे २५, पण विभागांतले प्रभारी अधिकारी ३०० असू शकतात आणि त्यातला एखादा महिन्यातून एकदाच लॉगिन करतो. पैसे वाचवायला कार्यालय त्यांना लॉगिन देत नाही, मग टिपणी पुन्हा कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर येते आणि मूळ कामच बुडतं. विभागीय युजर अमर्याद, असं निविदेतच लिहा. तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चाची करा: देखभाल, सर्व्हर, मेसेज, प्रशिक्षण आणि जुना डेटा चढवणं धरून.

तांत्रिक मूल्यांकनात विक्रेत्याच्या नमुना डेटावर डेमो घेऊ नका. आपल्याच २० बंद नस्त्या काढा: उशिरा झालेली अपिलं, पाच उत्तरवाद्यांच्या याचिका, अवमान, फेरनिर्णयासाठी परत पाठवलेली प्रकरणं, कृतिदेवमधले जवाबदावे. एक गठ्ठा रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या सारख्याच याचिकांचा घ्या, कारण साठ याचिकांत एकच जवाबदावा लावायचा आणि एकच आदेश साठ ठिकाणी नोंदवायचा हे काम वारंवार येतं. नोंदी विक्रेत्याच्या माणसाने न करता आपल्या लिपिकाने कराव्यात. नव्या प्रकरणाच्या नोंदीला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर गर्दीच्या दिवशी नोंद होणार नाही, उद्यावर जाईल.

सुरक्षेचं थोडक्यात. सर्व्हर राज्य डेटा केंद्रात किंवा केंद्राच्या मान्यताप्राप्त क्लाउडवर, सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी, आणि कोणी काय पाहिलं याची पुसता न येणारी नोंद. वकिलाच्या सल्ल्याला कायद्याचं गोपनीयतेचं संरक्षण आहे आणि विभागाची अंतर्गत टिपणीही बाहेर जायची नसते. ती दाखल केलेल्या कागदांच्या त्याच फोल्डरमध्ये पडली तर एखाद दिवशी जवाबदाव्याला जोडून कोर्टात जाते. दोन कप्पे वेगळे, आणि ‘दाखल करण्यासाठी गठ्ठा बनवा’ या बटणाने फक्त दाखल करायच्या कागदांच्या कप्प्यातूनच कागद उचलावेत.

जुना डेटा एकदम चढवायचा मोह टाळा. आधी फक्त प्रलंबित प्रकरणं घ्या, आणि तीही मोजक्या रकान्यांत: क्रमांक, पक्षकार, विभाग, पद, पुढची तारीख, सध्याचा टप्पा. मग न्यायालयाच्या संकेतस्थळावरची संख्या आणि आपल्या रजिस्टरची संख्या शेजारी ठेवा. ती जुळणार नाही. जी प्रकरणं न्यायालयात आहेत पण रजिस्टरमध्ये नाहीत, त्यांची यादी विक्रेत्याच्या नव्हे, विधी अधिकाऱ्याच्या हातात द्या. त्यातली काही एकतर्फी चालू असण्याची शक्यता असते. कागदी रजिस्टर तीन महिने समांतर चालवा आणि त्या काळात दर शनिवारी दहा प्रकरणं कोणतीही उचलून दोन्हीकडच्या तारखा पडताळा.

करारात शेवटी एक अट असू द्या: वर्षातून एकदा सगळा डेटा साध्या सारणीत आणि सगळे कागद नावनिशीवार पीडीएफमध्ये कार्यालयाच्या हार्ड डिस्कवर द्यायचे, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. ती डिस्क मिळाल्यावर कपाटात ठेवण्याआधी विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडा आणि एखादं जुनं प्रकरण त्यातून शोधून दाखवायला आपल्याच लिपिकाला सांगा. सापडलं नाही तर देखभालीचा त्या वर्षाचा हप्ता अडवून ठेवा.